पाणी डाव्या हाताला

शमुवेल आप्पानं मला उभ्या आयुष्यात एकदाही 'हो' म्हटलं नाही.

मी भांडगावातून केडगाव स्टेशनापर्यंत डोक्यावर गवारीची पाटी वाहून धंद्याला सुरुवात केली. पुढं बैलगाडी केली, त्यापुढं एक जुना ट्रक घेतला. या वाटेवर जो आडवा आला त्याला मी वळवला. रेल्वेचा पार्सलबाबू, दौंडचे अडते, कचेरीतले कारकून. कोणाला गोडीनं, कोणाला आवाज चढवून. माझा आवाज चढायला वेळ लागत नाही हे सगळा तालुका सांगेल. पण या एका माणसापुढं ना गोडी चालली, ना आवाज. लोक म्हणतात, तो देवमाणूस होता. असेल. देवमाणसाशी एकदा व्यवहार करून बघावा, मग बोलावं.

आप्पा आमच्या तलावावर पाटकरी होता. पाटकरी म्हणजे कालव्याचा आणि तलावाचा राखणदार. पुण्याकडून येणारा कालवा आमच्या तलावात पाणी सोडतो. तलाव इंग्रजांच्या वेळचा. एका अंगाला दीड मैल लांबीचा मातीचा बांध आणि त्याच्या माथ्यावरून मुरमाचा रस्ता. तो रस्ता सांडव्याच्या फरशीवरून उतरतो आणि पाण्याच्या कडेकडेनं पुरा वळसा घालून परत बांधाशी येतो. सगळी फेरी सहा मैलांची. बैलगाडी, मोटार, जनावरं, सगळ्यांना बंदी. चालणाऱ्याला आणि सायकलीला तेवढी मोकळीक.

बंदीची पाटी सरकारची, पण बंदी आप्पाची होती. रस्त्याच्या तोंडाशी त्यानं मनगटाएवढी साखळी आडवी लावली होती. तिच्या कडेला दोन दगडी खांब रोवून मध्ये सायकलीपुरती फट ठेवली होती. फटीचं माप त्याच्या स्वतःच्या सायकलचं: हँडल अधिक दोन बोटं. सायकल शिरूरच्या मिशनातल्या एका गोऱ्या पाद्र्यानं मायदेशी परतताना त्याला दिलेली, हिरव्या रंगाची, उंच. आप्पा मूळ शिरूरचा. अंगानं काठीसारखा, खाकी अर्धी चड्डी, खांद्याला कॅन्व्हासची पिशवी. त्या फटीतून तो पाय न टेकता जायचा. नवखे लोक तिथं हमखास उतरायचे, नाहीतर बोटं खरचटून घ्यायचे.

मी ट्रक पहिल्यांदा साखळीशी नेला तो मार्च महिना होता. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की तलावाच्या पोटातली जमीन उघडी पडते आणि त्या गाळात लोक कलिंगडं, खरबुजं लावतात. आमच्याकडं याला गाळपेर म्हणतात. गाळपेरीचं कलिंगड आतून लालभडक आणि साखरेसारखं. माझा सगळा माल पलीकडच्या काठाला. बांधावरून गेलं तर दोन मैल, बाहेरच्या गाडीवाटेनं नऊ. त्या नऊ मैलांत खड्ड्यांनी ट्रकमधली कलिंगडं एकमेकांवर आपटायची आणि स्टेशनावर पोचेपर्यंत खालचा थर पाणी होऊन जायचा.

आप्पा खांबाला टेकून उभा होता.

"आप्पा, साखळी सोडा."

"सायकल आनलीय का?"

"एवढा ट्रक दिसंना व्हय?"

"दिसतोय की. म्हनूनच इचारलं."

मी खाली उतरलो. ट्रकमध्ये नमुन्याला आणलेली पाच-सहा कलिंगडं होती, ती त्याच्यासमोर मांडली. हवं ते घ्या म्हटलं. त्यानं एकेक उचलून कानाशी वाजवलं. बरोबर सगळ्यात चांगलं निवडलं, खिशातल्या चाकूनं कापलं आणि अर्धं माझ्याच हातात दिलं. आम्ही दोघांनी बाभळीच्या सावलीत बसून ते खाल्लं.

"लई गोड हाय," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय? गोड हाय."

"साखळीचं काय?"

"साखळी लोखंडाची हाय, शेठ. ती कलिंगाड खात न्हाई."

मी हार मानणारा नव्हे. म्हटलं, रिकामा ट्रक तेवढा बांधावरून नेतो, भरलेला बाहेरून काढतो. तो म्हणाला, जाताना दोन मैल लागले की येताना नऊ मैल जिवावर येतात. मी म्हटलं, आठवड्यातून एकच खेप. तो म्हणाला, एकच खेप कधी कुणी मारलीय का. मग त्यानं बांधाकडं हात केला.

"हा मातीचा हाय. ह्यो वझं पेलतो. पर हादरं न्हाई पेलायचा. आन् एकदा का तुमच्या चाकानं दोन चाकोऱ्या पडल्या, तर मला खालचं काय कळनार?"

'खालचं' म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. माझं डोकं फिरलं होतं.

"तलाव काय तुमच्या बापाचा हाय?"

"न्हाई. म्हनून तर राखतोय. बापाचा असता तर तुमास्नी कवाच साखळी सोडली असती."

हे तो चिडून म्हणाला असता तर मी भांडलो असतो. तो चाकू पुसत होता. मी ट्रक मागं घेतला, नऊ मैल गेलो, आणि त्या दिवसापासून त्याच्यावर डूख धरला.

ट्रकला बंदी होती, सायकलीला नव्हती. म्हणून मी सायकल घेतली आणि गाळपेरवाल्यांशी सौदे करायला तिच्यावरून जाऊ लागलो. आता त्याला अडवायला कारण उरलं नाही असं मला वाटलं. कारणं त्याच्याकडं भरपूर होती. घंटी वाजवून दाखवा. ब्रेक लावून दाखवा. आणि सगळ्यांत मोठा नियम: पाणी डाव्या हाताला. तलावाची फेरी एकाच दिशेनं करायची. बांधावर जायचं ते पाणी डावीकडं ठेवून, आणि पुढं जिथं जाल तिथं पाणी डावीकडंच. समोरून कुणी येणार नाही, कुणाला कुणाची धडक नाही. उलटं यायचं असेल तर उतरा आणि सायकल हातात धरून चाला.

हा नियम त्यानं रविवारच्या लोकांसाठी केला होता. दौंडच्या रेल्वे वसाहतीत तलावाची बातमी पोचली होती. फिटर, गार्ड, फायरमन, शाळेतले मास्तर असे वीस-पंचवीस जण सायकली घेऊन पॅसेंजरनं केडगावला उतरायचे आणि तिथून इकडं यायचे. मैलच्या मैल रस्ता आणि त्याच्यावर एक बैलगाडी नाही, धूळ नाही, भोंगा नाही. एका बाजूला पाणी, पाण्यात करकोचे, पलीकडं भुलेश्वरचा डोंगर. काही जण बायकांनाही आणत. त्या काळात बाई सायकलवर दिसली की गावातली पोरं दगड मारायची. इथं कुणी बघायला नव्हतं. आप्पा सकाळची उपासना आटोपून यायचा. तोवर सगळे खांबांशी थांबायचे. मग तो रांगेनं एकेकाची घंटी ऐकायचा आणि एकेकाला फटीतून सोडायचा, एखाद्या फाटकावरच्या माणसासारखा.

एकदा एका तरण्या फायरमननं त्याला डिवचलं.

"आप्पा, तुमच्या पुढच्या चाकात हवाच न्हाई. पंप देऊ का?"

खरंच नव्हती. आप्पाचं पुढचं चाक कायम मऊ असायचं, जमिनीला टेकलं की चपातीसारखं पसरायचं. मागचं मात्र दगडासारखं कडक. तालुक्यात यावरून त्याची चेष्टा व्हायची. सगळ्यात जास्त मीच करायचो.

"ऱ्हाऊ द्या," आप्पा म्हणाला. "तुमी व्हा फुडं."

फायरमन सुसाट निघाला. आप्पा शेवटच्या माणसाला सोडून, साखळी तपासून, तोंडातल्या तोंडात भजन गुणगुणत मागून निघाला. फेरी पुरी करून फायरमन धापा टाकत खांबांशी आला तेव्हा आप्पा बाभळीखाली पाणी पीत होता. मऊ चाकानं त्याला वाटेत कुठं गाठलं, ते फायरमननं कधी कुणाला सांगितलं नाही.

माझीही त्यानं एकदा जिरवली. सांडव्याशी मी पाणी प्यायला थांबलो आणि निघताना पिशवी तिथंच विसरलो. पन्नास पावलं पुढं आल्यावर ध्यानात आलं. सायकल वळवली, तर हा मागून येत होता.

"शेठ. पानी."

"आप्पा, पिशवी ऱ्हायलीय. ही काय, दिसतीय हितनं."

"मलाबी दिसतीय. उतरा, चालत जा आन् घ्या."

पन्नास पावलं. चालत गेलो असतो तर एक मिनिट लागलं असतं. पण 'उतरा' हा शब्द त्याच्या तोंडून आला होता. मी पायडलवर पाय मारला आणि रागाच्या भरात पाणी डाव्या हाताला ठेवून सगळी फेरी मारली. पहिला मैल त्याला शिव्या देण्यात गेला. दुसऱ्या मैलात शिव्या संपल्या. मग चाकाखाली मुरूम करकरतोय तेवढाच आवाज राहिला. माझी अर्धी हयात त्या तलावाच्या काठानं गेली होती. पण तिथं पाणी सकाळी हिरवट दिसतं आणि डोंगराची सावली पार मधोमध येते, हे मी तोवर पाहिलेलंच नव्हतं. मी सांडव्याशी पोचलो तेव्हा आप्पा माझी पिशवी मांडीवर घेऊन बसला होता.

"कशी झाली फेरी?"

"पिशवी द्या," मी म्हणालो.

ट्रकचा हट्ट मात्र मी सोडला नाही. मी अर्ज केला. गाळपेरवाल्यांच्या सह्या आणि अंगठे घेतले. खात्यात खेटे घातले. शेवटी दिवाळीच्या सुमाराला निरोप आला: नवे साहेब स्वतः बांध बघायला येणार, ठीक वाटलं तर पुढच्या हंगामात ट्रकला परवानगी. मी शेरभर पेढे आणून ठेवले.

त्या सकाळी साहेबांची जीप साखळीशी आली. पुढं साहेब, मागं ओव्हरसियर आणि मी. तलाव काठोकाठ भरला होता. आप्पा साखळीसमोर उभा होता आणि साखळीला कुलूप होतं.

"कुलूप काढा," साहेब म्हणाले.

"साहेब, आज जीप नगं. बांध पोकळ झालाय."

"कुठं?"

"तिसऱ्या फर्लांगाच्या दगडाअलीकडं."

"कशावरून म्हणता?"

"चाकावरनं."

मी मोठ्यानं हसलो. ओव्हरसियरही हसला. तो म्हणाला, चारच दिवसांपूर्वी आपण बांध पायी पाहिलाय, कुठं ओल नाही. साहेबांचा चेहरा लाल झाला. ते तरुण होते आणि नवे होते.

"तुम्ही खात्याची गाडी अडवताय. याचा अर्थ कळतो का?"

"कळतो. नोकरी जाईल." त्याच्या पेन्शनीला दोन-अडीच वर्षं राहिली होती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. "साहेब, सायकल येती का तुमास्नी?"

साहेब पुण्यात शिकलेले. पुण्यात शिकलेल्या माणसाला हा प्रश्न विचारू नये. त्यांनी कोट काढून जीपमध्ये टाकला. आप्पानं आपली हिरवी सायकल पुढं केली. साहेबांनी पुढचं चाक दाबून पाहिलं.

"यात हवा नाही."

"मुद्दामच न्हाई. कडक चाक दगूड सांगतं, साहेब. मऊ चाक माती सांगतं. हँडल सैल धरा आन् सावकाश चला."

साहेब निघाले. मी माझ्या सायकलीवरून मागं गेलो, कारण हा माणूस तोंडघशी पडताना मला बघायचाच होता. आप्पा चालत होता. तिसऱ्या फर्लांगाच्या दगडाअलीकडं मला काहीच जाणवलं नाही. माझी चाकं कडक होती. साहेबांचं हँडल मात्र डावीकडं ओढलं गेलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. कुणीतरी बोट धरून ओढावं तेवढंच.

ते उतरले. परत बघायला सायकल वळवणार, तोच मागून आवाज आला.

"साहेब, पानी डाव्या हाताला."

साहेब सायकल हातात धरून वीस पावलं मागं आले आणि त्याच दिशेनं पुन्हा गेले. हँडल पुन्हा ओढलं. तिसऱ्यांदा गेले, पुन्हा ओढलं.  त्यांनी ओव्हरसियरला पहार आणायला पाठवलं. पहार मुरमात एक वीत ठोकून आत गेली आणि मग ठोकावी लागली नाही. आपल्या वजनानं ती हातभर खाली उतरली. ओव्हरसियरच्या हातातून ती सुटलीच.

बांधाच्या बाहेरच्या पायथ्याला बोरूचं रान माजलं होतं. ते तोडल्यावर आत मनगटाएवढी धार सापडली. पाणी गढूळ होतं. स्वच्छ पाझर चालतो. गढूळ पाणी म्हणजे बांध आतून वाहून जातोय, एवढं मलाही कळतं. खेकड्यांनी बिळं केली होती आणि पाण्याला वाट सापडली होती. खाली चार वाड्या, वस्ती, आणि माझं घर.

साहेबांनी मोरीचं दार उघडून पाणी उतरवायला सांगितलं आणि माझ्याकडं वळले. दगड आणि काळी माती हवी होती, आणि ट्रक माझ्याकडं होता. मी दुपारीच भरून आणला. खरं सांगायचं तर, त्या घाईतही मला एक गोष्ट सुचली होती. आज साखळी सुटणार. आज कुणाची छाती आहे अडवायची.

आप्पा साखळीपाशी होता.

"ट्रक हितंच."

"आप्पा, बांध फुटायला आलाय. आता तरी."

"आता तर आजाबात न्हाई. त्येला आधीच धाप लागलीय आन् तुमी त्येच्या छातीवर बसाया निघालाय."

मी साहेबांकडं पाहिलं. साहेब म्हणाले, "ते सांगतात तसं करा."

मग माल साखळीपाशी उतरला. तिथून पुढं वडारी, त्यांची गाढवं आणि सगळी वस्ती. बाया डोक्यावर पाट्या घेऊन, आणि मोकळ्या हातानं परतणारे एका कडेनं, भरलेले दुसऱ्या कडेनं. ती शिस्तही त्याचीच. चिडून मीही एक पाटी उचलली. आठ दिवस मी चिडलेलाच होतो आणि आठ दिवस पाट्या वाहत होतो. पोकळी पुरी उकरली, थरावर थर माती घालून चोपणीनं ठोकली, आतून दगड रचले. रविवारी दौंडहून सायकलवाले आले. फेरी बंद म्हटल्यावर त्यांनी सायकली बाभळींना टेकवल्या आणि तेही पाट्या उचलायला लागले. तो फायरमन आप्पाच्या जवळपास घुटमळत होता. आप्पानं त्याला सगळ्यात मोठी पाटी दिली.

नवव्या दिवशी पायथ्याची माती हाताला कोरडी लागली. साहेब जीप सोडून सायकलवर आले होते. आप्पा पुढं, साहेब मागं, त्यांच्या मागं सगळी वस्ती आणि रेल्वेची माणसं. तिसऱ्या फर्लांगाच्या दगडाशी आप्पानं दोन्ही हात हँडलवरून काढले. सायकल केसभरही वळली नाही. त्या दीड मैलावर असा आरडाओरडा झाला की पाण्यातले करकोचे उठून डोंगराकडं गेले. मी ओरडलो नाही. माझा घसा आधीच बसला होता.

माझ्या अर्जावर साहेबांनी तिथंच, माझ्याच पाठीवर कागद ठेवून, 'नामंजूर' लिहिलं. पेढे वस्तीतल्या पोरांनी खाल्ले.

आप्पा निवृत्त झाला तो एप्रिल होता, ऐन कलिंगडाचा हंगाम. त्यानं किल्ली नव्या पाटकऱ्याला दिली. किल्लीबरोबर पुढच्या चाकात हवा किती ठेवायची तेही दाखवलं. सामान आधीच बसनं गेलं होतं. तो स्वतः सायकलवरून शिरूरला निघाला होता. केडगाव, पारगाव, न्हावरा आणि घर. दौंडचे चाळीसएक सायकलवाले त्याला पारगावापर्यंत सोडायला आले होते. त्यांनी शेवटची फेरी मारली, पाणी डाव्या हाताला. एकेक जण फटीतून बाहेर पडला. कुणीही पाय टेकला नाही. एवढ्या वर्षांत सगळे शिकले होते.

चौफुल्याला त्यांना पुणे-सोलापूर सडक ओलांडायची होती. त्या वेळीही त्या सडकेवर रहदारी काही कमी नव्हती. मी ट्रक घेऊन आधीच तिथं उभा होतो. माल आणायला निघालो होतो. वेळ जुळून आली असं समजा. लांबून हिरवी सायकल दिसली तशी मी ट्रक सडकेवर आडवा घातला आणि इंजिन बंद केलं.

दोन्ही बाजूंनी गाड्या तुंबल्या. भोंगे सुरू झाले. सोलापूरच्या एका ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं.

"ए शेठ, सडक तुझ्या बापाची हाय का?"

"न्हाई," मी म्हणालो. "म्हनून तर अडवलीय."

आप्पानं ते ऐकलं. तो हसला की नाही ते टोपीमुळं दिसलं नाही. मोकळ्या सडकेवरून त्यानं संथपणे सायकल पलीकडं नेली. मागून चाळीस जण, एकामागं एक, घंट्या वाजवत. माझ्या ट्रकपाशी आल्यावर त्यानंही एकदाच घंटी वाजवली. थांबला नाही. मऊ चाक डांबरावर पसरलं, पुन्हा गोल झालं आणि केडगावच्या वळणावर बाभळींआड गेलं.

शेवटची सायकल दिसेनाशी झाल्यावर मी ट्रक सरळ केला आणि नऊ मैलांच्या वाटेनं कलिंगडं आणायला गेलो.